घरची मलई

४ नोव्हेंबर

तोंड पेटलंय. दुसरा शब्दच नाही. दिवसभर गालांवर कोणी तिखट चोळल्यासारखं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी त्याच्या कानामागे फ्रेमची काडी बसवतेय, आणि ते फ्रेम सोडून माझ्या तोंडाकडे बघतंय! चष्म्याच्या दुकानात हीच बोंब. चारी बाजूंनी आरसे आणि वरून पांढरे लाइट. लपायचं कुठे?

हा प्रताप त्या नव्या सनस्क्रीनचा. जेलवाली. फेकून दिली. त्याआधी क्रीमवाली आणलेली, तिने पुळ्या आल्या. त्याआधी कडुनिंबाचा फेसवॉश, त्याने नाकाची सालं निघाली. सगळ्यांवर लिहिलेलं असतं — सौम्य. कोणासाठी सौम्य? दगडासाठी?

एक फेब्रुवारीला लग्न. पांढरी साडी आणि त्यावर हे लालबुंद तोंड घेऊन विहारात उभी राहणार मी. आई म्हणाली, बाहेरची थेरं बंद कर, घरची मलई लावतेस तेवढी पुरे. तिचंच ऐकायला हवं होतं.

५ नोव्हेंबर

रात्री मलई लावली. सकाळी तोंड थंडगार, लाली गायब. आई नुसती हसली.

९ नोव्हेंबर

रविवार. दुकान बंद नसतं, पण माझी सुट्टी. बाबा चपात्या भाजतायत, मी लाटून देऊन सुटले. आईला तव्याची धग सोसत नाही, नाजूक स्किन. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना हे माहितीये आणि बाबांना त्यावरून चिडवतात पण. बाबांना काही फरक पडत नाही.

मलई रंभा मावशीकडची. आईची मावसबहीण, विठ्ठलवाडीला घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. केशर, बदाम, अजून काय काय घालून करते म्हणे. आई पांढऱ्या डबीत भरून आणते, वर केशराच्या दोन काड्या. मार्चपासून लावतेय — पहिली काही स्थळं येऊन गेली, त्यानंतर. पहिल्या महिन्यातच असा उजाळा आला की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून विचारायला लागल्या.

मला ते किती आवडलं हे इथेच लिहू शकते. आई गोरी, गाल कायम लाल. मी बाबांवर गेलेली. "शालनची पोरगी वाटत नाही हां" — लग्नात, बारशात, जिथे जाईन तिथे. म्हणणारे हसायचे, मी पण हसायचे. घरी येऊन उशीत तोंड घालून रडायचे. मार्चनंतर कोणी एकदाही म्हटलं नाही!

देवेश बघायला आला तो ऑगस्टमध्ये. आंबिवलीचा, कंपनीत मशीनची ड्रॉइंग्ज करतो. चष्मा नव्हता, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना पॅडच्या खुणा. पोह्यांची बशी पुढे केली तर याचा हात वीतभर बाजूला गेला. मी ओळखलं. आमचा धंदाच तो. हसू आलेलं, पण बशी इकडे आहे एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी होकार आला.

१५ नोव्हेंबर

ठाण्याला व्हेरोनिकाकडे गेलेले. कॉलेजपासूनची मैत्रीण, बाळकुमची. मॉलमध्ये स्किनकेअरच्या काउंटरवर असते. म्हटलं, लग्नाआधी एकदा नीट काय ते घेऊन टाकू, दर वेळी आंधळेपणाने कशाला.

तिने टेबलावर सगळं मांडलं. जेल हलकं, क्रीम जड, लोशन मधलं. सीरम म्हणजे पातळ, आधी लावायचं, त्यावर मॉइश्चरायझर. तेल म्हणशील तर तुझ्यासाठी नाहीच. शाळेतल्या बाईंसारखी बोलत होती आणि मी मान हलवत होते. मग माझा गाल उजेडात धरून बघितला. आत्ता काय लावतेस, विचारलं. काही नाही म्हटलं. खरं सांग. म्हटलं, घरची मलई फक्त, ती सोड. तिने सोडली नाही. आठवडाभर ती मलई पण बंद ठेव म्हणाली, तोंड मोकळं कर, मग हे साधं सीरम आधी कानामागे लावून बघ, लगेच तोंडाला फासू नकोस.

कानामागे लावलं. काही झालं नाही. मग थांबायचं कशाला?

१८ नोव्हेंबर

आग. आग. आग.

१९ नोव्हेंबर

डोळ्यांखाली सूज, हनुवटीवर पुळ्यांची रांग. मलई बंद करून तीन रात्री काय ते सीरम लावलं आणि हे! कमलेशशेठ — आमचे मालक — म्हणाले, मृणाल, काउंटर राहू दे, आत काचा घासायला बस. चांगल्या भावनेने म्हणाले असतील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हेरोनिकाला फोन केला. ती म्हणाली, सीरमने असं होत नाही गं, दुसरं काहीतरी आहे. म्हणजे चूक माझ्या तोंडाची! मी कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं — व्हेरोनिकाच्या काउंटरवरून कोणी काही घेऊ नका, टार्गेट पुरं करायला मैत्रिणीचं तोंड जाळते. खाली माझा फोटो टाकला.

एवढ्या वर्षांची मैत्री. डबा वाटून खाल्लेला. तिच्याकडे नाताळात, माझ्याकडे जयंतीला. आणि मला काय समजली, गिऱ्हाईक?

२० नोव्हेंबर

तिचा एकच मेसेज. "डॉक्टरला दाखव. ती मलई पण दाखव." मग ग्रुप सोडून गेली. जाऊ दे.

मलई परत सुरू केली.

२६ नोव्हेंबर

मलईनेही आता पहिल्यासारखं होत नाही. रात्री लावली की दुपारपर्यंत बरं, मग परत पेटतं. आई म्हणते, दोन वेळा लाव. दोन वेळा लावते.

आणि गालावर लव आलीय. बारीक, काळी. दुकानाच्या आरशात दिसली. आई म्हणाली, हार्मोन असतील, मला पण येते, कुठल्याही पार्लरमध्ये जाऊन दोऱ्याने काढून घे.

देवेशचा व्हिडिओ कॉल आलेला. कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरं, मग नुसतं बोल. बोलले. काय बोलले आठवत नाही.

२९ नोव्हेंबर

ठाण्याच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलेले. एकटी. आई नको म्हणत होती, हे लोक उगाच औषधं गळ्यात मारतात म्हणाली.

मॅडमनी विचारलं, काय काय लावता? मी सगळं सांगितलं — फेसवॉश, दोन सनस्क्रीन, सीरम. त्यांनी भिंगाने गाल बघितला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "आणि घरचं?"

मी म्हटलं, घरची मलई आहे, पण ती घरची आहे.

हे वाक्य मी अख्खं बोलले! पण ती घरची आहे! घरचं काय मोजायचं? घरच्या लोणच्यावर आपण कधी तारीख बघतो का?

डबी पर्समध्येच होती. मॅडमनी बोटावर घेऊन चोळली, वास घेतला, केशराच्या काड्या चिमटीने बाजूला काढून ठेवल्या. म्हणाल्या, यात नेमकं काय ते तपासल्याशिवाय सांगणार नाही. पण तुमचं तोंड सांगतंय — ही स्टिरॉइडची ट्यूब आहे, मलईत कालवलेली. पहिले काही महिने तोंड उजळतं. मग कातडी पातळ होते, लव येते, ऊन-धग सोसत नाही. बंद केलं की आग होते आणि माणसाला वाटतं नव्या क्रीमने झालं. परत लावलं की थंड पडतं आणि वाटतं हीच गुणाची. सगळे असेच येतात म्हणाल्या माझ्याकडे, बाकीच्या दहा वस्तूंना शिव्या घालत.

मी शिव्या कोणाला घातल्या ते मला माहितीये.

आता बंद करायचं. आग होणार, लाल होणार, काही महिने लागणार. मी विचारलं, एक फेब्रुवारीपर्यंत? त्यांनी मान हलवली. नाही.

घरी आईला काही सांगितलं नाही. मावशीचं ऐकून मग बघते. आईला फसवलंय तिने, आईच्या भोळेपणावर पार्लर चालवतेय. सख्ख्यासारखी बहीण आणि असं!

३० नोव्हेंबर

विठ्ठलवाडी. रंभा मावशी एका बाईच्या भुवया करत होती. मी दारातूनच डबी पुढे धरली. जोरात बोलले असणार, कारण ती बाई एक भुवई राहिलेली घेऊन उठली आणि बाहेर जाऊन बसली.

मावशीने डबी हातातही घेतली नाही.

"ही माझी नाही," म्हणाली. "मी असलं करत नाही. तुझ्या आईला पाचदा नाही म्हटलंय, पोरीला लावू नको. माझं नाव घेऊन देते होय ती तुला?"

मला वाटलं थापा मारतेय. म्हटलं पण तसं. तिने दोरा दातातून काढला आणि शांतपणे म्हणाली की माझ्याकडे केशर एवढं फुकट आलेलं नाही, जा, तुझ्या आईच्या कपाटात बघ, ट्यूबा मिळतील. आणि ही विद्या ती कधी शिकली तेही विचार तिला. मग त्या बाईला आत बोलावलं.

रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला, बिचारा.

१ डिसेंबर

कपाट बघितलं नाही. सरळ विचारलं.

आई मटार सोलत होती. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. मी म्हटलं, मलईत काय घालतेस? हात थांबले नाहीत तिचे. एक शेंग, दुसरी शेंग. मग हळूच म्हणाली, बाबांना ऐकू जाईल.

बाबांना ऐकू जाईल! माझं तोंड जळतंय त्याचं काही नाही!

ट्यूब मेडिकलमधून आणते. चिठ्ठी लागत नाही, ओळखीचा आहे. साय, थोडी पावडर, केशर वरून, म्हणजे मला शंका येऊ नये. हे सगळं तिने भाजी कशी करतात ते सांगावं तसं सांगितलं. आणि म्हणे, डॉक्टरचं लग्नानंतर ऐक. तोपर्यंत लाव. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

मी म्हटलं, मला न सांगता? माझ्याच तोंडाला?

तेव्हा तिने वर बघितलं.

"मार्चच्या आधी किती जण बघून गेले, आठवतं? काय सांगून गेले ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला काय वाटलं, ते आंबिवलीचे लोक पोहे आवडले म्हणून हो म्हणून गेले?"

हे माझ्या आईने म्हटलं. इथे लिहून ठेवते, कारण उद्या मला वाटेल की मी स्वप्नात ऐकलं.

२ डिसेंबर

मलई बंद. आईशी बोलणं बंद.

जाळायचं तर सीरमने जाळावं, सनस्क्रीनने जाळावं. पैसे टाकून आणलेल्या वस्तूने फसवलं तर निदान शिव्या तरी घालता येतात. हिला काय घालू?

६ डिसेंबर

बाबा पहाटे दादरला गेले, चैत्यभूमीला. आई दरवर्षीप्रमाणे घरी, उन्हात रांगेत उभं राहणं तिला जमत नाही. आम्ही दोघीच दिवसभर. ती स्वयंपाकघरात, मी इथे. तिने दारात ताट ठेवलं आणि गेली. मी जेवले नाही. मग भूक लागली, जेवले. रागावून उपाशी राहायला पण अंगात ताकद लागते.

विहारात बाबा भाषण करतात — स्वाभिमान, समता. आई पुढच्या रांगेत बसून मान डोलावते. आणि कपाटात ट्यूब!

गाल भाजल्यासारखे झालेत. आरशावर टॉवेल टाकलाय.

१० डिसेंबर

त्याच ग्रुपवर लिहिलं. सीरमने झालेलं नाही, माझ्या घरच्या क्रीमने झालं, मी व्हेरोनिकाची बदनामी केली, चूक माझी. लिहायला अख्खी दुपार लागली, पाठवायला एक बोट.

मग तिला फोन केला. तिने उचलला हेच खूप. म्हणाली, मॉलमध्ये मॅनेजरने बोलावून विचारलेलं तिला, कोणीतरी तो फोटो दाखवला होता. घरी आजीपर्यंत गेलं. "मी तुला अजून माफ नाही केलेलं, मृणाल," म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनेच विचारलं, डॉक्टरने काय दिलंय लावायला? सांगितलं. तेच लाव म्हणाली, साधं, बिनवासाचं, आणि उन्हासाठी ती पांढरी पडणारी सनस्क्रीन, जिला सगळे नाकं मुरडतात ती. काउंटरवर येऊ नकोस, मी कुरिअरने पाठवते.

वर्षभर जे निवडत बसलेले ते शेवटी दोन ट्यूबमध्ये संपलं.

१३ डिसेंबर

उद्या देवेशला सांगणार. आईला कळलं तर हाय खाईल. पण त्याने पसंत कोणाला केलं? मला की डबीला? हे विचारल्याशिवाय मी त्या विहारात उभी राहू शकत नाही.

नाही म्हणाला तर? तर आईचं खरं ठरेल. त्याच्या नकारापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटतेय.

१४ डिसेंबर

कल्याणला काळा तलावाच्या बाकावर भेटलो. मी तोंडाला स्कार्फ बांधलेला. तो चष्मा लावून आलेला! जाड काचा, जुनी फ्रेम, एक काडी सैल. आधी माझं लक्ष काडीकडेच गेलं.

स्कार्फ काढला आणि सगळं घडाघडा सांगितलं. मलई, ट्यूब, ऑगस्टमध्ये तू जिला बघितलंस ती मी नव्हे, हे लाल पण मी नव्हे, बरी झाले की मार्चच्या आधीची सावळी असेन. लग्न मोडायचं असेल तर आत्ताच सांग.

 त्याने मान खाली घातली. म्हणाला, आईने तेव्हा चष्मा खिशात ठेवायला लावलेला. जाड काचांचा मुलगा कोण करून घेईल म्हणून.

"मला तू नीट दिसलीच नव्हतीस. आवाज ऐकला. तू म्हणालीस, बशी इकडे आहे. त्या आवाजाला हो म्हटलेलं मी."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं, रडताना गालांची आणखी आग झाली. तो फडकं ओलं करून आणायला गेला. आल्यावर मी त्याचा चष्मा काढून काडीचा स्क्रू नखाने बसवला, दुकानात आणून दे म्हटलं. तारीख तीच ठेवायची ठरली. फोटो कसे येतील ते येतील.

घरी आले. आईला म्हटलं, देवेशला सगळं सांगितलंय, लग्न होतंय, याच तोंडाने. मला जिंकल्यासारखं वाटलं. ती मोरीत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

१७ डिसेंबर

आई स्वतःहून बोलली. शनिवारी डॉक्टरकडे मी पण येते म्हणाली. मी म्हटलं, कशाला, भांडायला? ती म्हणाली, येते.

२० डिसेंबर

माझं नाव पुकारलं. पेशंटच्या खुर्चीत आई बसली. मॅडमकडे न बघता म्हणाली, आधी माझं बघा. मॅडमनी भिंग धरलं, ते कायमचे लाल गाल बघितले, आणि किती वर्षं लावताय विचारलं.

"हिचे बाबा मला बघायला येणार होते तेव्हापासून," आई म्हणाली. "त्यांना अजून माहीत नाही."

मॅडम म्हणाल्या, मूळ रंग बघू. आईने ब्लाऊजची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली, जिथे कधी ऊन लागलं नाही तिथपर्यंत. मला वाटायचं, तिचे हात कामाने रापलेत. रापलेले नव्हते. वरपर्यंत माझाच रंग होता.